मोजून घेतलेल्या दोन किल्ल्या

तीर्थरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे या खेपेस तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यात थेंब घालताना अजून आरडाओरडा करता, असं ताई म्हणाली. इकडे आई खुशाल आहे, ही खुशाल आहे, मी खुशाल आहे आणि गाडीसुद्धा खुशाल आहे, हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. पुढे जे वाचाल त्यात मध्येच पत्र टाकून फोनकडे धावू नका. सगळं नीट पार पडलेलं आहे, सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला आहे, आणि मगच मी लिहायला बसलो आहे.

आता पत्रच का, फोन का नाही, असं तुम्ही विचारणार. तर फोन केला की तो ताई उचलते, तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मं बोलणं ती स्वतःच करते, आणि उरलेलं निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही. शिवाय या आठवड्यात फोन या वस्तूवरून माझा विश्वास थोडा उडाला आहे. आणि तिसरं कारण असं, की पाकिटात जे घालता येतं ते फोनमधून पाठवता येत नाही. ते काय ते शेवटी कळेलच.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं बंद केलं आणि तुम्ही ती मला दिलीत, तो दिवस आठवा. तुम्ही नऊ वर्षं तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. कागदांवर सह्या झाल्या, तुम्ही डोळे पुसलेत (थेंबांमुळे, असं तुम्ही म्हणालात, मी मान्य केलं), आणि मी काय केलं? मी हात पुढे करून म्हणालो, "किल्ल्या किती?" तुम्ही म्हणालात दोन. मी दोन्ही हातात घेतल्या, उजेडात धरून खाचा जुळवून पाहिल्या, आणि दोनच किल्ल्या होत्या आणि दोन्ही दिल्या असं तुमच्याकडून लिहून घेतलं. ताईला त्याचा राग आला होता. घरच्या माणसाकडून कसलं लिहून घेतोस, म्हणाली. पण भाऊजी, चौतीस वर्षं मी कुलपं विकतो आणि किल्ल्या कापतो. माझ्या दुकानात समोरच पाटी आहे, की जुन्या सर्व किल्ल्या दाखवल्याशिवाय कुलूप बदलून मिळणार नाही. लोक हसतात. माणूस येतो, सांगतो की भाडेकरू गेला, किल्ली दिली त्याने. मी विचारतो, किती दिल्या? आणि त्याच्या मेव्हण्याकडे होती ती? आणि कामवाल्या बाईकडे? मग तो माणूस डोकं खाजवत घरी जातो आणि तासाभराने पाच किल्ल्या घेऊन येतो. तोंडावर घाम असतो. अशा माणसाने, म्हणजे मी, तुमची गाडी दोन किल्ल्यांवर घेतली आणि निर्धास्त झोपलो.

पहिल्या आठवड्यातच गाडी अंगात आल्यासारखी करू लागली. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती अंगणात उभ्या उभ्या आपली आपण सुरू व्हायची, आत थंडगार हवा सोडायची आणि पंधरा मिनिटांनी आपली आपण बंद व्हायची. आत कोणी नाही, किल्ली माझ्या उशाशी. ही कपडे वाळत घालत असायची, ती एकदा बादली टाकून घरात पळाली. मी म्हणालो किल्लीतला सेल बिघडला असेल. सेल बदलला. दुसऱ्या दिवशी सात दहाला गाडी पुन्हा सुरू. मग कधीतरी भर दुपारी हॉर्न वाजायचा आणि चारी दिवे लुकलुकायचे, की जणू कोणीतरी तिला विचारतंय, कुठे आहेस गं, आणि ती सांगतेय, इथे आहे. गॅरेजवाल्याने तिचं पोट उघडून पाहिलं, तारा हुंगल्या आणि सांगितलं की गाडीला काही झालेलं नाही, तुम्हालाच झालं असेल. (त्याच्या दुकानाचं कुलूप माझं आहे, म्हणून मी गप्प बसलो.)

मी गप्प बसलो तरी हात गप्प बसत नाहीत ना. स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावला आणि त्याला सात लिव्हरचं कुलूप, माझ्या हातचं. अंगणाच्या फाटकाला साखळी लावली. साखळीला दुसरं कुलूप. रात्री झोपताना मी समाधानाने म्हणायचो, आता बघू कोण येतो ते. आणि सकाळी सात दहाला ती बाई साखळदंडात सुरू व्हायची. शेजाऱ्यांनी आमच्या घराकडे बघणं सोडून दिलं. हिने तर सरळ सांगितलं, की भाऊजींचा जीव अडकलाय त्या गाडीत. मी तिच्यावर खेकसलो. माणूस चांगला हिंडताफिरता असताना असं बोलू नये. (पण ती किती खरं बोलत होती ते पुढे येईल.)

आता गेल्या गुरुवारचं सांगतो. गुरुवारी अकरा वाजता आईला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचं, हे आपलं ठरलेलं. तसं नेलं. परत येताना एक वाजून गेला होता आणि वाटेत दुकानाशी एक गिऱ्हाईक किल्लीसाठी ताटकळत उभं होतं. मी गाडी समोरच्या उंच इमारतीच्या सावलीत लावली, आईला म्हणालो दोन मिनिटांत आलो, आणि गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. का दिली? आपल्या घरात किल्ली आईकडे द्यायची पद्धत आहे म्हणून. बाबा होते तेव्हापासून आहे. मी जगाच्या किल्ल्या कापतो पण स्वतःच्या हमखास हरवतो, हे तिला माझ्या शाळेपासून ठाऊक आहे. तिने ती पिशवीत टाकली, पिशवीची चेन लावली आणि पिशवी पोटाशी धरली. मागच्या सीटवर बसली होती, आणि मागच्या दारांना तुमच्या नातवासाठी लावलेलं, आतून न उघडणारं लहान मुलांचं कुलूप अजून तसंच आहे. मी दारं नुसती ओढून घेतली होती. कुलूप केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. (गिऱ्हाइकाची किल्ली वाकडी होती आणि गिऱ्हाईक त्याहून.) बाहेर आलो तर सावली सरकून फुटपाथवर गेलेली आणि गाडी कडक उन्हात. आईने वारा कानाला लागतो म्हणून काचा वर केलेल्या. मी दाराला हात घातला तर दार बंद. चारी दारं बंद. आत आई डोकं मागे टाकून, तोंड थोडं उघडं, अशी. मी काच वाजवली. ती हलली नाही. जोरात वाजवली. हलली नाही. भाऊजी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिचं कानातलं यंत्र तिने काढून ओंजळीत धरलेलं दिसत होतं, त्यामुळे ती झोपली असेल असं एक मन म्हणत होतं आणि दुसरं मन जे म्हणत होतं ते मी लिहीत नाही. ब्याऐंशी वर्षांचं माणूस, बंद काचा आणि ते ऊन.

दुसरी किल्ली घरी कपाटात. हिला फोन केला, ती निघते म्हणाली, पण यायला चाळीस मिनिटं. तोवर शेजारचा चष्मेवाला आला, वरच्या मजल्यावरचा शिंपी कात्रीसकट उतरला, आणखी दहा-बारा जण जमले. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघणारच. माझ्याच दुकानाची पाटी डोक्यावर, तिच्यावर हातभर मोठी किल्ली रंगवलेली, आणि तिच्याखाली मी स्वतःच्या गाडीपुढे उभा. सगळ्या बाजाराची कुलपं उघडून देणारा माणूस! मी आत धावलो, तार आणली, काचेच्या फटीतून घातली.  आणि तार आत गेली मात्र, गाडीने जो भोंगा पसरला, तो बाजाराच्या पार टोकापर्यंत. निदान त्याने तरी आई उठेल असं वाटलं. आई उठली नाही. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. मी तार टाकली, हातोडी उचलली आणि पुढच्या काचेपाशी गेलो, म्हणजे काचा तिच्या अंगावर उडू नयेत.

इतक्यात खिशातला फोन वाजायला लागला. माझ्या एका हातात हातोडी, दुसऱ्याने डोळ्यांवरचा घाम पुसतोय. चष्मेवाल्याने फोन काढून माझ्या कानाला लावला. ताई होती. ती ओरडली, "अरे, तुझी गाडी कोणीतरी फोडतंय, दुकानाच्या दारातच! धाव लवकर!"

मी ओरडलो, "अगं, मीच फोडतोय! आई आत अडकलीय, दारं उघडत नाहीत!"

 आणि मग, भाऊजी, खट्. चारी दारं एकदम सुटली, भोंगा थांबला, दिवे दोनदा लुकलुकले आणि बाहेरचे आरसे आपोआप उलगडले. मी हातोडी कुठे टाकली ते मला अजून आठवत नाही (शिंप्याच्या पायावर, असं शिंपी म्हणतो). दार उघडून आईला हलवलं. तिने डोळे उघडले, सावकाश यंत्र कानात बसवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झाली का रे तुझी दोन मिनिटं?" मग भोवतालची गर्दी बघून म्हणाली, कुणाला काही झालं का? मी तिथेच फुटपाथवर बसलो आणि सगळ्या बाजारादेखत रडलो. मला लाज वाटली नाही. आई घामाने भिजली होती. दोन ग्लास पाणी प्यायली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर बघितलं, ते ठीक निघालं. मग सहज म्हणून माझं बघितलं आणि मला तिथेच अर्धा तास आडवं केलं. ही दुसरी किल्ली घेऊन पोचली तेव्हा आई खुर्चीत बसून मला वारा घालत होती.

वारा घेता घेता माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तीनशे किलोमीटरवर बसलेल्या ताईला माझी गाडी फुटतेय हे कळलं कसं, आणि उघडली कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरमागे एक तंत्रज्ञ मुलगी होती, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची, केसांत पेन खोचलेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, गाडी घेतलीत तेव्हा किल्ल्या किती घेतल्या?" माझी छाती फुगली. मी दोन्ही किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि तुमच्या सहीचा कागदही ठेवला. ती म्हणाली, या दोन झाल्या, फोनमधल्या किती? भाऊजी, मला माझ्याच पाटीखाली उभं केलं हो त्या पोरीने. माझ्या गिऱ्हाइकांसारखंच मी डोकं खाजवलं.

तिने समजावलं ते असं. ही गाडी नुसती चालत नाही, ती बोलते. तिच्या पोटात सिमकार्ड आहे. ती कंपनीशी बोलते, कंपनी ज्याचा फोन जोडलेला असेल त्याच्याशी बोलते (गाडीचा भोंगा वाजला की त्याच्या फोनवर लगेच वर्दी जाते), आणि त्याने फोनवर बटण दाबलं की गाडी ऐकते. मग तो माणूस अंगणात असो की दुसऱ्या गावात. गाडी विकली, कागद बदलले, तरी हे फोन आपोआप सुटत नाहीत, ते मुद्दाम सोडवावे लागतात. तिने यादी काढून दिली. आपल्या गाडीला तीन फोन जोडलेले. त्यात माझा एकही नाही. म्हणजे गाडी माझी, दांडा माझा, साखळी माझी, आणि किल्ल्या बाकी सगळ्यांकडे!

फोन नंबर एक, तुमचा. सकाळी सात दहाला गाडी थंड करून ठेवायची वेळ तुम्ही लावून ठेवलेली, फिरायला जाताना लागायची ती. ती अजून चालू आहे. तुम्ही आता पायी अंगणात फेऱ्या मारता आणि गाडी तीनशे किलोमीटरवर तुमच्यासाठी थंड होऊन बसते. आणि पुढचं ऐका. रोज दुपारी एक वाजून तीस मिनिटांनी, जेवण झाल्यावर, या फोनवरून गाडीला कुलूप लागतं. चार महिने, एक दिवस खाडा नाही. तुम्ही गॅस बघता, मागचं दार बघता, फोनवर गाडीचं कुलूप दाबता आणि आडवे होता. नऊ वर्षांची सवय. गाडी विकली हे तुमच्या अंगठ्याला कोणी सांगितलंच नाही. एरवी दीड वाजता गाडी रिकामी आणि बंदच असते म्हणून मला कधी कळलं नाही. त्या गुरुवारी ती बंद नव्हती आणि रिकामीही नव्हती. मी रागावलेलो नाही. यादी बघून आधी संतापलो होतो, हे खरं. पण मग तुम्ही पलंगाच्या कडेला बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते बटण दाबताय असं डोळ्यांपुढे आलं, आणि राग कुठे गेला कोण जाणे. किल्ल्या विचारायचं काम माझं होतं. तुमचं नव्हे.

फोन नंबर दोन, तुमचा जुना. तो तुम्ही नवा घेताना दुकानात देऊन टाकलात, आतलं काही न पुसता. तो आता कुणाच्या हातात आहे ते देव जाणे, पण हॉर्न वाजवणारा तोच. ती मुलगी म्हणाली, हा जो कोणी आहे त्याला गाडी कुठे उभी आहे ते दिसतं, दारं उघडता येतात, तुमच्या घराचा पत्तासुद्धा आत आहे. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस मी फाटकाला साखळ्या बांधत होतो आणि तो उपटसुंभ घरबसल्या आमच्या गाडीशी खेळत होता. मी सही केली आणि तिने तिथल्या तिथे गाडीची बाहेरची सगळी बोलणी तूर्त तोडून टाकली. आज चार दिवस झाले, गाडी सकाळी सुरू होत नाही, हॉर्न नाही, दिवे नाहीत. हिने अंगणात कपडे वाळत घालता घालता काल गाणं म्हटलं. मी दांडा काढून दुकानात विकायला ठेवला.

फोन नंबर तीन ताईचा. तो तुमच्या मुलाने कधीतरी जोडून दिलेला असणार. त्यावरून आजवर फक्त एकदा दार उघडलं, त्या गुरुवारी. बाकी यादीत एकच ओळ पुन्हा पुन्हा. गुरुवार, अकरा, गाडी कुठे आहे. गुरुवार, अकरा, गाडी कुठे आहे. मी तिला फोन करून विचारलं तर आधी उडवाउडवी केली. मग म्हणाली, अरे, अकराला तो ठिपका दवाखान्यापाशी दिसला की मला बरं वाटतं, आईला नेलं म्हणून.  भाऊजी, मधले दोन गुरुवार मी आईला नेलं नव्हतं. दुकानात काम होतं. त्या दोन्ही संध्याकाळी ताईने फोन करून आईच्या गुडघ्याची चौकशी केली होती, आणि मी दोन्ही वेळा सांगितलं होतं, हो हो, आजच व्यायाम झाला, छान आहे. तिला ठिपका हलला नाही हे ठाऊक होतं. ती एक अक्षर बोलली नाही.

असो. पत्र लांबलं. आई शेजारी बसली आहे आणि जावयाला आशीर्वाद लिही म्हणते आहे. तिला एक-तीसची गोष्ट मी सांगितलेली नाही. ताईला माझा नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा मेहुणा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. फोनमध्ये ते गाडीचं पान उघडा आणि सगळ्यात खाली 'गाडी दुसऱ्याच्या नावे करा' असं आहे ते दाबा. तुम्हाला सहा आकडे येतील, ते ताईकडून मला कळवा. तुम्ही दाबलंत की तिन्ही फोन सुटतील आणि मग गाडी खरी माझी होईल. दुपारी दीडला अंगठा शिवशिवला तर टीव्हीचा रिमोट दाबा. आणि गाडीची फारच आठवण आली तर सरळ निघून या, पुढची सीट तुमची.

ता. क. दुसरं : हे सगळं येत्या गुरुवारच्या आत व्हायला हवं, म्हणून पत्र कुरिअरने पाठवतो आहे, उद्याच पोचेल. मुलीने सांगितलं आहे, की गाडी माझ्या नावे झाली की मी हवा तो फोन पुन्हा जोडू शकतो. पहिला ताईचा जोडणार आहे, माझ्याही आधी. बोलणी तोडल्यापासून तिला ठिपका दिसत नाही आणि ती दिवसातून तीनदा फोन करते आहे.

ता. क. तिसरं : पाकिटात एक किल्ली आहे. ती तुमच्या पुढच्या दाराची. अकरा वर्षांपूर्वी मी ते कुलूप बसवून दिलं तेव्हा तुम्हाला चार किल्ल्या मोजून दिल्या होत्या आणि तुमची सहीही घेतली होती. दुसऱ्याच्या घराची किल्ली अशी न सांगता जवळ ठेवणं बरं नव्हे, हे या आठवड्यात मला चांगलंच पटलं, म्हणून परत करतो आहे. पण ताईला किल्ली आत विसरून दार ओढून घ्यायची सवय आहे, आणि आता त्या घरात तुम्ही दोघंच असता, म्हणून खरं ते सांगून टाकतो. मी कापल्या होत्या सहा. सहावी मी देणार नाही.